एसच्या आधी की एसच्या नंतर

नोरा बॅराक्लफ आमच्या गावात दुकानांच्या पाट्या रंगवते. बाजाराच्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या तिच्या हातच्या, उरलेल्या तिच्या वडिलांच्या. म्हाताऱ्यानं लेकीच्या हातात ब्रश दिला तो अ‍ॅपॉस्ट्रॉफी शिकवल्यावरच. इंग्रजीत मालकी दाखवायला अक्षराच्या डोक्याशी येणाऱ्या त्या शेपटीवाल्या चिन्हाला तो बेडकाचं पिल्लू म्हणायचा. आता सगळं गाव म्हणतं.

"आधी मालक मोज," तो सांगायचा. "मग मालक पूर्ण लिही. मग पिल्लू सोड."

बेकर एकटा असेल तर बेकर लिहायचं, पिल्लू सोडायचं आणि मग एस. बेकर दोन असतील तर एस आधीच लागलेला असतो, पिल्लू त्याच्या नंतर, मग काही नाही. मुलांच्या बुटांच्या दुकानाची पाटी मात्र नोरानं सोळाव्या वर्षी दोनदा रंगवली. 'चिल्ड्रन' एसशिवायच अनेकवचनी, म्हणून तिथे पिल्लू आधी आणि एस मागून, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बोलताना काही कळत नाही ना! मराठीत 'बहिणीचं' आणि 'बहिणींचं' यांत निदान एक अनुस्वार तरी ऐकू येतो. इंग्रजीत दोन्ही 'सिस्टर्स'च. फरक कळतो तो पाटीवरच.

सग्डन बहिणींचं लोकरीचं दुकान सव्वीस वर्षांचं. हिरव्या फळीवर पिवळी अक्षरं, 'सिस्टर्स वूल शॉप', आणि पिल्लू एसच्या नंतर, कारण मालकिणी दोन: थोरली मॉड, धाकटी फ्रीडा. गेल्या वसंतात अठ्ठावन्नाव्या वर्षी फ्रीडानं शेजारच्या केइली गावातल्या क्लिफर्ड नावाच्या विधुर बसड्रायव्हरशी लग्न केलं आणि ती तिकडे राहायला गेली. पुढच्याच सोमवारी मॉड नोराच्या दारात.

"ते पिल्लू एसच्या आधी आण."

"का गं? फ्रीडानं दुकान सोडलं?"

"नवरा धरलाय. दोन्ही कसं धरेल?"

"मी मालक मोजते, बाई. नवरे नाही."

"मग मोज. माझ्या काउंटरमागे किती जणी दिसतात?"

आता दिसायची एकच. नोरा शिडी घेऊन गेली. पिल्लाला आर आणि एसच्या मध्ये जागा हवी, म्हणजे एससुद्धा सरकवायचा. तिनं दोन्हींवर हिरवा रंग फिरवला आणि तो वाळायला सोडला. तेवढे दिवस पाटीवर नुसतं 'सिस्टर' राहिलं. इथे सिस्टर म्हणजे दवाखान्यातली वॉर्ड सांभाळणारी बाई. पोस्टमन आर्नल्डला तेवढंच पुरलं.

"सिस्टर, गुडघा फार दुखतोय हो. जरा बघता का?"

"पत्रं ठेव आणि चालू लाग," मॉड म्हणाली. "दुखायचा तेवढा दुखेल."

बातमी केइलीला पोचायला बसड्रायव्हर घरात असल्यावर कितीसा वेळ लागणार? गुरुवारी नोरा शिडीवर खडूनं रेघ आखत होती, तोच फ्रीडा आली आणि थेट आत शिरली. टोपीसुद्धा काढली नाही.

"मॉड, हे काय?"

"दुकान माझं एकटीचं झालंय, तसं लिहून घेतेय."

"मला न विचारता?"

"तू लग्न करताना मला विचारलंस?"

"सहा वेळा बोलले. दर वेळी तू टाके मोजत होतीस."

फ्रीडानं वर पाटीकडे बोट दाखवलं. "बरं. मी नको असेन तर तसं तोंडावर सांग, मी हिस्सा सोडल्याची सही करून मोकळी होते. पण मग पिल्लू हलवू नकोस, अख्खा 'सिस्टर' काढ. एकटी बाई कुणाची बहीण?"

मॉडनं काउंटरवरची लोकरीची लडी उचलली, पुन्हा ठेवली. नोरानं खडू खिशात टाकला.

"तो तुझा क्लिफर्ड," मॉड म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी दिवसभर गाडीवर असतो ना?"

"असतो."

"त्याच दिवशी गिऱ्हाईक जास्त असतं. मोज्याची टाच कशी विणायची ते मला नाही समजावता येत लोकांना. माझा आवाज चढतो."

"विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय."

"मग मी निघते."

फ्रीडा खरंच दारापर्यंत गेली.

"येशील का?" मॉड म्हणाली.

"येईन. मंगळवार, शुक्रवार."

"अगं, माझे पाय भरून आले," नोरा वरून ओरडली. "आधी की नंतर, ते सांगा एकदाचं!"

"नंतर," मॉड म्हणाली.

नोरानं एस होता तिथेच पुन्हा रंगवला आणि त्याच्या मागे पिल्लू सोडलं. फ्रीडानं टोपी काढून शिडी धरली. मॉड चहा घेऊन बाहेर आली, मान वाकडी करून तिनं पाटी पाहिली आणि म्हणाली, "पिल्लू तिरकं झालंय."

"तिरकंच असतं ते," नोरा म्हणाली आणि ब्रश पुसायला लागली.