खिडकीतला कप

मुंबईच्या विमानतळावर, ऑगस्टच्या दमट हवेत, मी लोकरीचा स्वेटर घालून उभी होते. "विमानात गारठशील" असं आईने बजावलं होतं आणि बॅगेत तर तो मावत नव्हता. लोक ज्या वयात गाशा गुंडाळायचा विचार करतात, त्या वयात मी बॅग भरली होती. नवरा आधीच कुवेतला, शर्क भागातल्या एका बँकेत रुजू झाला होता. मी आणि लेक मागून निघालो. बाबा घामाघूम मला बघून हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "काही अडलं तर शालूकडे जा. इस्पितळात नर्स आहे. आपलं माणूस आहे तिथं."

शालू म्हणजे बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या. नवऱ्याने टाकलेली. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ती कुवेतला गेली, आणि तेव्हापासून आमच्या गुहागरच्या घरात तिचं नाव घेतलं की लोक जरा सरळ बसायचे. सुट्टीला आली की अत्तर, ब्लँकेट्स, बदाम. धाकट्या भाच्यांना अभ्यासाला बसवताना एकच वाक्य असे, "शालूआत्यासारखं व्हा."

कुवेतला उतरले तर तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा. स्वेटर तिथेच कचऱ्यात टाकणार होते, पण आईचा होता.

सालमियातल्या आमच्या फ्लॅटवर आत्या महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या शुक्रवारी यायची. मासे साफ करून द्यायची, लेकीच्या इंग्रजी उत्तरांना मराठीत दामटायची. मात्र स्वतःच्या घरी तिने मला तीन वर्षांत एकदाही बोलावलं नाही. आता, आपण मराठी माणसं. परदेशात गेलो तरी मान सोबत नेतो, त्याला वजनाची मर्यादा नसते. सख्खी आत्या घोटभर चहाला बोलवत नाही, ही गोष्ट मी फोनवरून निम्म्या रत्नागिरी जिल्ह्याला सांगून झाले होते.

एकदा ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. खिडकीत एक मोठा, टवका उडालेला कप पालथा घातलेला दिसला. तिने विचारलं, "हा गो कुणाचा, असा वेगळा?"

"कांतम्माचा. पार्टटाइम येते ना, कामवाली."

आत्याने कपाच्या टवक्यावरून बोट फिरवलं. "पित्त झालंय" म्हणाली आणि त्या दिवशी चहा न घेताच गेली. मी जेलुसिल पुढे केलं. एवढीच माझी अक्कल.

मग गेल्या हिवाळ्यात कुणाबरोबर तरी बाबांनी तिच्यासाठी कुळथाचं पीठ आणि सांडगी मिरची पाठवली. आत्या तीन महिने आली नव्हती, "ड्युटी बदलली" म्हणे. एकदा माझ्या फोनवरून तिची टॅक्सी बुक केली होती, तो पत्ता सापडला: रुमैथिया. म्हटलं, न बोलावता जातेच, आणि आईला तसं सांगूनही टाकलं. दार उघडल्यावर ओशाळेल, मग मी मोठ्या मनाने माफ करीन. लिपस्टिकसुद्धा लावली होती.

दुमजली बंगला. मी घंटा वाजवली. दार आत्यानेच उघडलं. निळा गणवेश, पांढरी कॉलर, हातात ओलं फडकं.

मला आठवतं, मी पहिल्यांदा तिच्या मागे पाहिलं. खरी आत्या आत असेल, म्हणून.

ती खालच्या आवाजात म्हणाली, "आलीसच? मागच्या दाराने ये. आणि लिपस्टिक पूस, या घरच्या आजीबाईंना वाटेल पाहुणी आली."

मागे छोटं स्वयंपाकघर. तिने चहा टाकला, खिडकीतून एक कप काढला, विसळला आणि माझ्यापुढे ठेवला. "हा माझा. एकच आहे. तू घे, मी मागाहून घेते."

चहा ओतायला मी बशी शोधली. पण बशी नव्हती.

ती सांगत गेली, फडकं पिळत. एजंटने इस्पितळात आयाचं काम सांगितलं होतं. गावाने त्याची नर्स केली. इथे उतरल्यावर घरकामाच्या व्हिसावर एका घरात नेलं. पासपोर्ट घेतला, फोन घेतला. रात्री स्वयंपाकघराला बाहेरून कडी. एकदा इस्त्री फेकली. बाही वर करून तिने डाग दाखवला. सुट्टीला आली तेव्हा आम्ही विचारलं होतं, तर म्हणाली होती, इस्पितळात वाफ लागली.

"मग एका दुपारी कचऱ्याची पिशवी घेऊन निघाले ती परत गेलेच नाही. पायात काही नव्हतं. जमईयापर्यंत चालले, वस्तीतल्या सहकारी बाजारापर्यंत. तिथल्या किराण्याच्या दुकानात काउंटरवरचा माणूस फोनवर आपल्याकडचं बोलत होता. दापोलीचा निघाला, मुसलमान. मी नुसती रडायला लागले. त्याने आधी स्वतःच्या चपला काढून दिल्या, नाव मागाहून विचारलं. त्यानेच दूतावासाच्या निवाऱ्यात पोचवलं."

"आणि परत नाही आलीस?"

"कुठे येऊ? नर्स कशी परत येते, हात हलवत?"

निवाऱ्यातून व्हिसा बदलून ती या घरात आली, त्याला सतरा वर्षं झाली. आजीबाई तिच्याशिवाय कुणाच्या हातून औषध घेत नाहीत. मी निघताना ती म्हणाली, "दादाला सांगू नको. त्याच्या घरात माझी तेवढीच जागा आहे."

मी घरी आले आणि पहिलं काम काय केलं, तर खिडकीतला कप फेकला. फार उदात्त वाटलं. दुसऱ्या दिवशी कांतम्मा विचारते, "मॅडम, मेरा बडा कप किधर है?" तिला मोठा कप आवडायचा. विचारलं होतं मी कधी?

पुढच्या शुक्रवारी आत्या आली. मी कपाचा पराक्रम सांगितला, तर डोक्यावर टपली मारून म्हणाली, "शहाणे, कप फेकून काय होतंय! तिला बसायला खुर्ची दिलीस का?"

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल. "काय गो, शेवटी गेलीस म्हणे शालूकडे? कसं आहे तिचं घर?"

मी खोटं सांगायला तोंड उघडलं. आत्याने फोन माझ्या हातातून घेतला. तिचा अंगठा कॅमेऱ्यावर होता; बाबांना फक्त काळोख दिसत असणार.

"दादा, मी नर्स नाही. कधीच नव्हते. घरकाम करते."

पडद्यावर बाबा फोनच्या अगदी जवळ आले. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक.

"शालू, जेवायला वेळेवर देतात ना गो?"

आत्याने अंगठा बाजूला केला. "देतात रे. आता देतात."

"बरं. मिरची तळून खा. आणि या सुट्टीत येताना काही आणू नको. नुसती ये."

फोन ठेवून ती गॅसपाशी गेली, पातेल्यात पाणी घातलं. लोक विचारतात, तुझं घर आता कुठलं, गुहागर की सालमिया? मी आपली काहीतरी विनोदी उत्तरं देते. खरं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून उभं होतं. मांडणीकडे पाहत तिने विचारलं, "कप कुठला घेऊ गो?"

"हाताला येईल तो," मी म्हटलं.