इंजिनाला मधाचा वास

एसेनगुलच्या कोटाच्या डाव्या खिशात सुरीच्या जोडीला एक तपकिरी गोळा कायम असायचा. पोळ्याच्या फटी बुजवायला मधमाश्या झाडांचा चीक आणून जो डिंक बनवतात, तो. दाढ दुखली की डिंक, टाच फुटली की डिंक, रेडिओचं बटण निघालं की डिंक. मेहुण्याच्या चष्म्याची काडी त्यानं डिंकानं जोडून दिली होती आणि ती वर्षभर टिकली, हे तो दर ईदेला न चुकता ऐकवायचा. कोचकोर गावात लोक म्हणायचे, ह्याचं लग्नही डिंकानंच टिकलंय. त्यावर त्याची बायको बुरुल म्हणायची, "लग्न माझ्यामुळे टिकलंय. डिंकाला कशाला फुकटचं श्रेय?"

माणूस वाईट नव्हता, हेकट होता. दोन पेट्यांपासून सुरुवात करून एकोणीस वर्षांत चौतीस पेट्या केल्या, त्या कुणाच्या मदतीनं नाही. ट्रक होता तो भंगारात निघालेला, सहा सिलिंडरचा, पेट्रोल पिणारा, त्यांच्या थोरल्या मुलीपेक्षा वयानं मोठा. त्याला एसेनगुलनं मेकॅनिकचा हात म्हणून लागू दिला नाही. "मेकॅनिक बॉनेट उघडतो ते तुमच्या खिशात किती आहेत ते बघायला," असं त्याचं मत. वसंतात प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याच्या काळ्या टोपणाला तडा गेला, तेव्हा बुरुल म्हणाली होती, "नवं आणा की. नऊशे सोमचं तर आहे."

"तडा केसाएवढा. त्याला नऊशे?"

चुलीवर डिंक मऊ केला, तड्यात दाबून बसवला, नखानं साफ केला. ट्रक पहिल्या झटक्यात चालू झाला. एसेनगुलनं बायकोकडे असं बघितलं, जणू इंजिनाचा शोध त्यानंच लावला होता.

जून संपत आला की खोऱ्यातली फुलं सुकतात आणि कारा-बेल घाटाच्या पलीकडे चाऱ्याचं गुलाबी गवत फुलतं. तिथं पेट्या न्यायच्या, हे दर वर्षीचं. माश्या घरी परतल्या की पेट्यांची दारं बंद करायची, उजाडायच्या आत निघायचं आणि ऊन तापायच्या आत पलीकडे उतरून दारं उघडायची. त्यात हयगय चालत नाही. कोंडलेल्या माश्या घाबरतात, घाबरल्या की पंख मारतात, पंख मारले की पेटी तापते. जास्त तापली तर मेण वितळतं आणि स्वतःच जमवलेल्या मधात त्या बुडून मरतात.

त्या दिवशी पाचव्या वळणावर ऊन आलं आणि तिथंच ट्रक मिसिंग मारू लागला. आधी एक ठोका चुकला, मग दोन, मग सगळा ट्रक उचकी लागल्यासारखा हिसके देऊ लागला. एसेनगुलनं तो कडेला घेतला आणि चाकांना दगड लावले.

"कचरा आलाय पेट्रोलमध्ये," तो म्हणाला.

कार्बोरेटर उघडला, जेट तोंडानं फुंकले, पुन्हा बसवले. अर्धा तास गेला. ट्रक चालू केला तर सुरळीत! बुरुलनं देवाचं नाव घेतलं. पण दोन वळणं चढली नाहीत तोच पुन्हा हिसके.

"पंप तापलाय." पंपावर ओलं फडकं गुंडाळलं आणि वाट बघितली. पुन्हा सुरळीत, पुन्हा दोन वळणं, पुन्हा तेच.

मग त्यानं नीट डोकं लावलं. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघितली. काढल्यावर आवाज बिघडला तर तो सिलिंडर जिवंत, फरक पडला नाही तर मेलेला. दोन मेलेले निघाले, पहिला आणि पाचवा. त्यांचे प्लग चांगल्या दोघांशी बदलले. तोवर इंजिन निवलं आणि सहाही सिलिंडर गुणी लेकरांसारखे चालले. चढावर पुन्हा तेच दोघे मेले. वायरी बदलल्या, पुन्हा तेच. प्रत्येक इलाज लागू पडल्यासारखा वाटायचा, आणि त्यानंच घात केला. गाडीला बरं वाटायचं ते फक्त तिला विसावा मिळायचा म्हणून, पण हे बुडत्याला कोण सांगणार? प्रत्येक काडी त्याला फळीच वाटते.

साडेनऊ वाजले. बुरुल मागे चढून पेटीपेटीला कान लावत होती. ओढ्याचं पाणी बादलीनं आणून तिनं गोण्या भिजवल्या आणि पेट्यांवर पसरल्या.

"कशा आहेत गं?" त्यानं खालून विचारलं.

"ओरडताहेत. पण वास येतोय डिंकाचा छान, ताजा. म्हणजे बऱ्या आहेत." मग खाली वाकून, "अहो, उघडू या का?"

एसेनगुलनं वळणाच्या खाली बघितलं. तिथं गुराख्यांचा तंबू होता आणि तंबूपुढे दोरीला ओळीनं बांधलेली आठ शिंगरं. घोड्या दूध काढायला लांबून परत येईपर्यंत ती तशीच बांधलेली राहणार. चौतीस पेट्यांच्या पिसाळलेल्या माश्या त्यांच्यावर सुटल्या तर त्यांना पळताही येणार नव्हतं.

"दहा मिनिटं दे," तो म्हणाला. "सापडतंय आता."

त्याला काही सापडत नव्हतं. हाताला चटके बसले होते, अंगठा सुरीनं कापला होता, तोंडाला कोरड पडली होती. मागच्या पेट्यांचा आवाज त्याला बॉनेटखालीही ऐकू येत होता. आधी ती गुणगुण होती, मग गर्जना झाली, आणि आता डाव्या बाजूच्या काही पेट्यांतून आवाज कमी होत चालला होता. मधमाश्या पाळणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. त्याला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडायचं? त्यानं चाकाला लाथ मारली आणि पायाचं बोट धरून बसला.

तेवढ्यात तंबूतली म्हातारी घोड्यावरून वर आली. साल्किन तिचं नाव. सत्तरीची असेल, पण घोड्यावर अशी बसली होती, जणू जन्मलीच तिथं.

"पोरा, पेट्या इथं उघडायचा विचार असेल तर आधी सांग. माझी शिंगरं बांधलीत खाली."

"नाही उघडत, आपा. म्हणून तर मरतोय."

"सोडवायला माणसं लागतात, आणि माणसं गेलीत वर." तिनं कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बाटली बुरुलच्या हातात दिली आणि घोडा बॉनेटजवळ आणला. नाक वर करून वास घेतला. "हे काय रे? इंजिनाला मध पाजतोस का तू?"

"चौतीस पेट्या आहेत, आपा. वास येणारच."

"मला म्हातारीला शिकवू नकोस. पेट्या तिकडे, वारा इकडून तिकडे. हा वास ह्याच्यातून येतोय." चाबकाच्या मुठीनं तिनं इंजिनाकडे दाखवलं. "देवदाराची राळ जाळल्यासारखा."

एसेनगुलचा हात खिशातल्या डिंकाकडे गेला. एकोणीस वर्षं तो त्या वासात जेवला होता, झोपला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा. त्याला तो वास सकाळपासून येत होता आणि एकदाही आला नव्हता.

त्यानं सीटखालचं नमद्याचं जाजम ओढून काढलं, बॉनेटवर टाकलं आणि आत डोकं खुपसलं. भर उन्हात आत मिट्ट काळोख झाला. "चालू कर!" तो ओरडला. बुरुलनं चावी फिरवली. आणि त्यानं बघितलं. काळ्या टोपणावर, त्यानं नखानं साफ करून बसवलेला डिंक वितळून पसरला होता, धूळ नि काजळी खाऊन काळा झाला होता. त्याच्यावरून निळी ठिणगी अळीसारखी सरपटत पहिल्या वायरीच्या खोबणीतून पाचवीच्या खोबणीकडे जात होती. करंट प्लगपर्यंत पोचतच नव्हता. इंजिन निवलं की डिंक घट्ट व्हायचा आणि वाट बंद व्हायची, तापलं की पुन्हा उघडायची.

"बंद कर."

जाजमाखालून बाहेर यायला त्याला वेळ लागला. डिंक त्यानं सुरीनं खरवडला, तड्यातली काळी रेघ टोकानं कोरून काढली, पेट्रोलनं पुसली, आणि खरवडलेला गोळा गुपचूप खिशात टाकला.

"काय होतं?" बुरुलनं विचारलं.

"टोपणाचा तडा," तो म्हणाला. "वाढलाय."

खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि हे त्याला उरलेल्या घाटभर टोचत राहिलं. साल्किन मात्र त्याच्या खिशाकडे बघत होती. "जा बाबांनो," एवढंच म्हणून तिनं घोडा वळवला.

ट्रक थोडा अडखळत, पण न थांबता घाट चढला आणि उतरला. साडेबारा वाजता ते गुलाबी गवतात पोचले. पेट्या उतरवायला थांबण्यात अर्थ नव्हता. दोघांनी ट्रकवरच दारं उघडली.

पहिल्या पेटीतून माश्या धुरासारख्या बाहेर पडल्या. तिसरीतून पडल्या. चौथीतून काही नाही. एसेनगुलनं पेटीवर थाप मारली, पुन्हा मारली. खालच्या फळीतून मध ठिबकत होता, आणि त्या मधात काळे पंख चिकटले होते. पाचवीतून काही नाही. सातवीतून चार माश्या रांगत आल्या आणि उंबऱ्यावर निजल्या. डावी बाजू सगळी गेली होती. चौतीसमधल्या अकरा जगल्या.

बुरुल ट्रकवरून उतरली आणि गवतात बसली. तिनं डोक्याचा रुमाल काढला आणि मांडीवर हात आपटायला लागली.

"मी मारल्या. ओल्या गोण्या मी टाकल्या ना, मी! हवा कोंडली माझ्या गोण्यांनी. तुम्ही बिचारे तिकडे हात भाजून घेत होतात आणि इकडे मी त्यांचा गळा दाबत होते."

एसेनगुल उभा राहिला. गप्प बसणं किती सोपं होतं! वर्षभरात तिचं तिलाच ते खरं वाटू लागलं असतं, गावालाही वाटलं असतं, आणि त्याच्या चष्म्याच्या गोष्टीला धक्का लागला नसता. त्याला तिच्याकडे बघवेना. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

तो तिच्यासमोर बसला, खिशातून काळवंडलेला गोळा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"गोण्यांनी नाही. ह्यानं. टोपणात भरला होता ना मी, वसंतात. तू म्हणाली होतीस नवं आण. म्हातारीला वास आला, मला नाही आला. मघाशी तुझ्याशी खोटं बोललो."

बुरुलनं गोळा नाकाजवळ नेला. तो खिशातल्या उबेनं मऊ होता आणि वास अजून चांगला होता, गोड, रानातला.

त्याला वाटलं, आता ती बोलेल, जन्मभर पुरेल एवढं बोलेल, आणि बोलावंच. पण ती त्या गोळ्याकडे बघत राहिली.

"मलाही येत होता," ती म्हणाली. "सकाळपासून. मी तुम्हाला सांगितलंसुद्धा." तिनं गोळ्यावर मूठ आवळली. "मला वाटलं, माश्यांचा आहे. वास येतोय म्हणजे बऱ्या आहेत, असं वाटत होतं मला."