पाहुण्या गड्याच्या गळ्यात मफलर

जर्मनीत जाऊन मी एकदा भर मॅचमध्ये भलत्याच माणसाचा सत्कार केला होता. काल तळेगाव ढमढेऱ्याच्या जत्रेत आखाड्यातल्या तांबड्या मातीचा वास नाकात गेला आन् ते सगळं आठवलं.

जावई सणसवाडीच्या कंपनीतून तिकडं एका गावात गेले होते; मी त्यांच्याकडं राहायला गेले, तवा त्यांनी मला मॅच बघायला नेलं. त्या गावचा फुटबॉल क्लब अगदी खालच्या फळीतला, मैदानाला कमरेएवढं कुंपण. सॉसेज भाजल्याचा धूर आन् ओल्या गवताचा वास. एका उंच पोरानं लांबून गोल मारला, तरी शेजारी कुणी टाळी वाजवेना. मला वाटलं, काय कंजूष माणसं! आमच्याकडं कुस्ती जिंकणारा कुठल्याही गावचा असो, आखाड्यात उतरून त्याला फेटा बांधतात. मी पन्नाशीची शहाणी बाई, नऊवारी खोचून कुंपण ओलांडलं आन् जावयांच्या गळ्यातला गावच्या क्लबचा मफलर काढून त्या पोराच्या गळ्यात घातला.

पोरगं मफलरकडं बघत दगडासारखं उभं राहिलं. मफलरचा रंग एक आन् त्याच्या अंगातल्या सदऱ्याचा दुसराच, तवा कुठं मला कळलं, गोल पाहुण्या संघाचा होता.

दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदारानं दंडाला धरून मला बाहेर आणलं. जावई पांढरेफटक; आता आपला वर्षाचा पास जप्त होणार, ह्या भीतीनं. आज हसू येतं. रखवालदार काहीतरी बोलला. जावयांनी मला मराठीत सांगितलं,

"मामी, ते म्हणतायत, बसू द्या त्यांना. पण आपला गोल झाला की परत आत पाठवा."