मालक झालेला मामा

माझा मामा हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या रुळावर होता. ओली चादर एका बाजूने आत सरकवायची, ती तापलेल्या रुळांतून गुळगुळीत होऊन पलीकडे निघायची आणि तिथे मामी तिची घडी घालायची. नवराबायको दिवसभर एकाच चादरीची दोन टोकं सांभाळत, पण मधे एवढी वाफ की तोंडं दिसत नसत. मामाला मामीचे फक्त हात दिसायचे. "लग्नाला इतकी वर्षं झाली," तो म्हणायचा, "तरी मी रोज तिचे हातच बघायला जातो."

कामावर त्याला ढगोजी म्हणत. वाफेत उभा राहतो म्हणून, आणि चित्त कायम वर कुठेतरी असतं म्हणूनही. छताला काचेचे झरोके होते. त्यांतून उतरलेलं ऊन वाफेत विरघळायचं आणि सगळं दालन पाण्याखाली गेल्यासारखं दिसायचं. चादरींत माणसांची झोप थोडी उरते, अशी मामाची समजूत होती. "ही बघ," तो मला सांगे, "हिच्यावर कुणीतरी समुद्राचं स्वप्न पाहिलं असणार. किती धुतली तरी जड लागते."

"पिळायचं यंत्र बिघडलंय म्हणून जड लागते," मामी पलीकडून म्हणायची.

एकदा मालकाने सगळ्यांना आवारात बोलावलं. आवाजात मध होता. "आजपासून तुम्ही नोकर नाही," तो म्हणाला. "तुम्ही प्रत्येक जण स्वतंत्र व्यावसायिक. आपापल्या धंद्याचे मालक!" सही केली नाही तर काम नाही, हे न सांगताच कळत होतं. सगळ्यांनी मुकाट्याने सह्या केल्या.

बदललं काय? रूळ तेच, भोंगा तोच, मुकादम तोच. फक्त पगारामागे मालक जो कर भरायचा, म्हातारपणाच्या निधीत जो वाटा टाकायचा, अपघाताच्या विम्याचा जो हप्ता द्यायचा, ते सगळं बंद. ज्याचं त्याने बघायचं. भरपगारी सुट्टीही गेली. मालक माणसाला कसली आलीय सुट्टी!

"त्याने मामाला पुरता मामा बनवला," आई म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग तिला हसल्याचं वाईट वाटलं.

मामाला मात्र फसवल्यासारखं वाटलंच नाही. त्याने मालकाचा शब्द खरा धरला. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा तो घरी आरशासमोर भांग पाडत होता. सावकाश गेला, मन लावून काम केलं, आणि दुपारी रूळ थांबवून जिन्याने गच्चीवर चढला. गच्ची बॉयलरच्या उबेने कोमट होती. धुराड्यातून निघालेली वाफ वर जाऊन ढगांना मिळत होती. आपण घडवलेले ढग बघत मामा आडवा झाला.

मुकादमाला वाटलं, बरं नसेल. पण रोजच तसं होऊ लागलं. मग एक दिवस घडीच्या टेबलावरच्या बायका वर आल्या. त्यांच्यामागून धुलाईवाले आले, शेवटी बॉयलरवाला आला. कुणी काही ठरवलं नव्हतं. कुणी भिंतीला टेकलं, कुणी पदर तोंडावर ओढून पडलं. मामी मामाशेजारी बसली. इतक्या वर्षांत भर दुपारी, उजेडात, कामाच्या जागी तिने त्याचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. "केस किती पांढरे झाले हो तुमचे," ती म्हणाली. खाली रूळ गप्प होते. शहराचा आवाज दुरून, उशीतून यावा तसा येत होता.

मग मालक वर आला.

"हे काय चाललंय?"

मामा उठून बसला. "या ना, बसा," तो आदराने म्हणाला. "सगळे मालकच आहोत."

"भोंगा वाजला की रुळावर दिसायला पाहिजेस तू! रूळ माझे, वाफ माझी, तुमचा वेळपण माझा!"

"मग माझं काय आहे?" मामाने विचारलं. त्यात चेष्टा नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"उद्यापासून येऊ नकोस!"

मामा घरी बसला. खिडकीशी बसून राही, विचारलं तर "काही नाही" म्हणे. एरवी हवेत असणारा माणूस असा जमिनीवर आलेला बघवत नव्हता. मामीने दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी ती चांगलं लुगडं नेसून कामगार कचेरीत गेली आणि अधिकारी बाईंना म्हणाली, "आमच्या ह्यांना स्वतःच्याच धंद्यातून काढून टाकलंय. हे कसं काय जमतं, तेवढं समजावून सांगा."

बाई स्वतः लॉन्ड्रीत आल्या. चष्म्यावर वाफ जमली, तो पुसत उभ्या राहिल्या. मालक म्हणाला, "इथे कुणी नोकर नाही. सगळे स्वतंत्र."

"मग यांच्या नवऱ्याला का काढलं?"

"रोज उशिरा यायचा!"

"स्वतंत्र माणसाला उशीर कसा होतो?" बाईंनी विचारलं.

मालक मुकादमाकडे बघायला लागला. मग बाईंनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं: वेळ कोण ठरवतं, यंत्र कुणाचं, दुसरीकडे काम करायची मुभा आहे का. आधी सगळे घाबरले. मग बॉयलरवाल्याने गच्चीवर मालक जे ओरडला ते सगळ्यांदेखत शब्दन् शब्द सांगितलं, आणि बाकीच्यांना कंठ फुटला.

निकालाला बरेच महिने लागले. मामी एकटीच कामावर जायची. पलीकडून चादर सरकवणारे हात नवखे होते आणि घडी वाकडी पडायची. शेवटी ठरलं, ही सगळी माणसं कामगारच. मालकाला थकलेला कर आणि निधीचा वाटा भरावा लागला, विमा आणि भरपगारी सुट्टी पुन्हा सुरू झाली, मामाला कामावर घ्यावं लागलं.

सगळ्यांची तोंडं पेढे खाल्ल्यासारखी झाली होती. मामा तेवढा घरी येऊन खिडकीशी बसला.

"आता काय झालं?" मामीने विचारलं.

"काही नाही गं. मालक होतो तेव्हा बरं वाटायचं."

"खोटं होतं ते."

"गच्ची खोटी नव्हती," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामी मुकादमाकडे गेली आणि दोघांची हक्काची रजा मागून आली. कुठे जायचं, हे तिने ठरवलं नव्हतं.