भिलाईत कापलेला मोर

गोंदियाहून सकाळच्या पॅसेंजरने निघाले तेव्हा पिशवीत दोन साड्या, एक बारीक कात्री आणि मुलीच्या लग्नाची धास्ती होती. आमच्यात रुखवत मांडतात नवरीचं, पण तपासतात तिच्या आईला. मुलाकडच्या बायका चष्मे पुसून येतात. मला त्यात कागदाचा नक्षीदार मोर मांडायचा होता, आणि तो कापायला शिकवणारी सुलूकाकी भिलाईत माझ्या नणंदेच्या शेजारी राहते.

पॉवर हाऊस स्टेशनवर उतरले. भिलाईतली माणसं सेक्टरचा आकडा आडनावासारखा सांगतात. मी इतकं हळू सांगितलं की ऑटोवाल्याने भलत्याच सेक्टरात नेलं. ‘इथे नाही’ म्हणायचा धीर येईपर्यंत दोन चौक मागे पडले होते.

नणंदेने फरा (तांदळाची वाफवलेली मुटकुळी) पोटभर खाऊ घातला. मग सुलूकाकीकडे गेले. मी आधी मोराची कड कापली, नंतर आतली पिसं कोरायला घेतली. मोर हातातच लुळा पडू लागला.

“कावून वं? पहिले भिंती पाडल्या, आता खिडक्या कुठं बसवतं?” काकी म्हणाली. “आतलं पहिले, कड शेवटी. तोवर बाकीचा कागद त्याले धरून ठेवते.”

दुसऱ्या दिवशी नणंदेच्या फरशीवर मोर जवळजवळ पुरा झाला, तोच तिच्या महिला मंडळाच्या बायका आल्या. नणंदेचा पाहुणचार पाण्याआधी बटणापासून सुरू होतो. पंखा पाचवर गेला आणि मोर उडून एका बाईच्या टाचेखाली.

“किती नाजूक काम!” पाय न उचलता ती म्हणाली.

मी हसले. मला तेवढंच येतं.

“कात्री म्या शिकवली,” मोर बघायला आलेली काकी म्हणाली, “तोंड उघडाले कोण शिकवीन तुले?”

तिसऱ्या दिवशी नव्या मोराची फक्त कड उरली होती. पुन्हा त्याच बायका. नणंदेचा हात बटणाकडे गेला.

“वन्सबाई, पंखा लावू नका!”

“अवं, पाहुण्या घामानं भिजून राहिल्या!”

मी कात्री उचलली. चोचीपासून शेपटीपर्यंत कड कापत गेले. बायकांनी पदराने मान पुसत ‘कला, कला’ केलं आणि चहा न घेताच उठल्या.

नणंद संध्याकाळपर्यंत फुगून होती. निघताना मात्र स्टेशनवर सोडायला आली आणि म्हणाली, “मुकी आली होती, सुलूनं बिघडवली.”

परतीच्या गाडीत मोर दोन पुठ्ठ्यांमध्ये, मांडीवर होता. लग्न मे महिन्यात आहे. कार्यालयात पंखे पुष्कळ; रुखवताजवळचे मी बंद ठेवणार आहे. मुलाकडच्या बायकांना घाम येईल. येऊ दे.