देठासकट

माणिकबाई तायडे बोलायला लागली की समोरच्यानं आधी दोन पावलं मागं सरावं, अशी रिद्धपूरच्या शिवारात रीतच पडली आहे. बाई मनानं लोणी, पण जीभ म्हणजे विळा. ही धार तिला आली ती उशिरा, पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही एका वीतभर कैचीमुळे.

त्याआधी उभा जन्म तिनं डोक्यावर चुंबळ ठेवून संत्र्याची टोपली वाहिली. बागेतला रिवाज ठरलेला होता. शिडीवर गडी, खाली बाया. गड्यानं फळ ओढून तोडायचं, बाईनं ते गोळा करून बांधावर न्यायचं. एखाद्या बाईनं शिडीला नुसता हात लावला तरी वरून पुंजाजी खेकसायचा. हा पुंजाजी गड्यांच्या टोळीचा म्होरक्या. निम्म्या शिवारातल्या बागा त्याच्याच टोळीनं तोडलेल्या, त्यामुळे झाडं आपल्याला विचारूनच फळतात अशी त्याची समजूत झालेली.

मग बागमालक खुशालरावांच्या किशोरनं आसपासचे बागवाले गोळा करून कंपनी काढली. संत्रा थंड कंटेनरमध्ये भरायचा आणि जहाजानं दुबईला पाठवायचा, असा बेत. पण इतक्या दूर जाणारं फळ ओढून तोडलेलं चालत नाही. ओढलं की देठाच्या जागी भोक पडतं आणि तिथून कुज शिरते. ते कैचीनं कापायचं, देठाची टिकली फळावर राखून. किशोरनं कैच्या आणल्या त्या मानानं आधी पुंजाजीपुढेच ठेवल्या. पुंजाजीनं एक उचलली, तिच्यानं अंगठ्याचं नख कापलं आणि परत ठेवून दिली.

"किशोरभाऊ, हे बायकाईचं काम हाये. आमाले नाई जमत."

माणिकबाईनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. "बायकाईचंच हाये ना? मंग आना इकडे."

अशी बायांची टोळी उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी तिनं घोळ घातला. अमरावतीच्या बाजारात ताजा माल म्हणजे पानासकट माल, हे बायांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी फळाफळाला दोन-दोन हिरवी पानं राखली आणि महालक्ष्म्यांपुढे आरास मांडावी तशी कॅरेटं सजवली. परदेशात पान चालत नाही, पानाबरोबर कीड जाते. किशोरनं कपाळाला हात लावला. बायांनी भाकरी बाजूला सारून एकेक पान खुडलं, आणि पुंजाजी बांधावर बसून पोट धरून हसला.

"थो कंटेनर तिकडे उघडला का सडकाच माल निंगन," तो म्हणाला. "मंग कैच्या फेकजा अन् टोपले उचलजा."

"सडला तं उचलू," माणिकबाई म्हणाली. "अन् नाई सडला तं?"

"तं तू म्हनशीन थे करीन!"

हे सगळ्यांदेखत झालं. पैज गमतीची असली तरी प्रश्न गमतीचा नव्हता. पहिलाच माल कुजला तर कंपनीतले बाकीचे बागवाले तोड परत गड्यांकडे देणार, हे किशोरनं तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. म्हणजे पुन्हा तीच चुंबळ.

मृग बहाराची तोड ऐन रंगात आली आणि तिकडे आखातात लढाई पेटली. रिद्धपूरहून समुद्र कुठल्या कुठे, पण त्याची झळ थेट झाडाखाली आली. किशोर धावतच बागेत शिरला. परवाचं जहाज शेवटचं, त्यानंतर सरकार आखाताकडची वाट बंद करणार, म्हणून माल आजच भरला पाहिजे. बायांचे हात भराभर चालत होते, पण कंटेनर काही भरेना. शेवटी संध्याकाळी किशोरनं पुंजाजीची टोळी बोलावली. कैच्या होत्या तेवढ्या बायांच्या हातात. गड्यांनी आपल्या सवयीनं फळं ओढायला सुरुवात केली.

माणिकबाई आडवी आली. "किशोरभाऊ, हे ओढेल संत्रे घालू नोका. भोकं दिसून राह्यले मले."

"मावशी, निवडत बसाले येळ कुठी हाये?"

गड्यांची कॅरेटं सर्वांत शेवटी आली, म्हणून त्यांच्या पेट्या कंटेनरच्या अगदी दाराशी लागल्या. दार बंद झालं, सील लागलं, ट्रेलर निघाला.

आणि एवढी धावपळ करून बंदराच्या आवारात कंटेनर पोचला त्याच सकाळी हुकूम आला. आखाताकडचं एकही जहाज हलणार नाही. आत आलेला माल आत राहील, आणि बाहेर न्यायचा तर त्याची परवानगी वेगळी. जहाजवाले सरकारकडे बोट दाखवत, सरकारी माणूस लढाईकडे. किशोर मुंबईच्या खेपा घालून वाळला. थंड यंत्र तेवढं चालू होतं. महिना उलटला.

जिनं जन्मात समुद्र पाहिला नाही, ती माणिकबाई रोज सकाळी विचारू लागली, "आज दर्या उघडला का?" विहिरीला पाणी आलं का, असं विचारावं तसं. मधल्या काळात परदेशची तोड थांबली, बाजारापुरती उरली, आणि बाया पुन्हा टोपली वाहू लागल्या. पुंजाजी शिडीवरून मुद्दाम फळं लांब फेकायचा. माणिकबाई वाकून उचलायची. ती घाबरली होती, मनातून अगदी खचली होती, पण गळ्यात दोऱ्यानं बांधलेली कैची तिनं एक दिवसही काढली नाही.

अखेर माल माघारी न्यायची परवानगी मिळाली. ट्रेलर पॅकिंगच्या शेडपुढे उभा राहिला तेव्हा सारं गाव जमलं होतं. दुसऱ्याची फजिती फुकटात बघायला मिळत असेल तर आपल्याकडे कामधंदा कोणाला आठवत नाही. पुंजाजी तर ट्रॅक्टरला ट्रॉली जोडूनच आला होता, सडका माल उकिरड्यावर न्यायला.

सील तुटलं. दार उघडलं. आणि आंबूस, कुबट वासाचा असा भपकारा आला की पुढचे लोक नाकाला पदर-रुमाल लावून मागे हटले. समोरच्या पेट्यांतून पाणी ओघळत होतं, फळांवर हिरवी-पांढरी बुरशी चढली होती.

"बोललो नवतो मी?" पुंजाजीनं ट्रॉलीचा मागचा फाळका पाडला.

किशोर मटकन खाली बसला. पण माणिकबाई मूळची मजूर, सडकं फळ हातात धरायची तिला किळस नाही. तिनं एक उचललं, पदरानं बुरशी पुसली आणि फिरवून पाहिलं. टिकली नव्हती. भोक होतं. दुसरं पाहिलं, तिथंही भोक.

"सरका व बायानो!" ती ओरडली आणि दाराशी लागलेल्या पेट्या स्वतः ओढून बाहेर फेकू लागली. बाया धावल्या. पहिली रांग निघाली, दुसरी निघाली. तिसऱ्या रांगेतली पेटी तिनं उघडली आणि त्या कुबट वासातून संत्र्याचा घमघमाट उठला. फळं पिवळीधमक, घट्ट, प्रत्येकाच्या माथ्यावर हिरवट टिकली. मागची रांग तशीच. त्यामागचीही तशीच. पार शेवटपर्यंत.

माणिकबाईनं एक संत्रा सोलला. अर्धा किशोरच्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतः खाल्ला. आजवर तिनं आयुष्यात पडीक, टाकाऊ फळंच खाल्ली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

"पुंजाजीभाऊ," ती गर्दीकडे वळली, "सडला थो कोनाचा व्हय, ओयखा."

गाव हसलं. पुंजाजीनं एक सडकं फळ उचलून पाहिलं, एक चांगलं पाहिलं, आणि ट्रॉली सडक्या पेट्यांशी नेऊन लावली. चांगला माल त्याच कंटेनरमधून दक्षिणेकडच्या बाजारात निघून गेला. पुंजाजीच्या ट्रॉलीत त्याच्याच दोन रांगा पडल्या, त्या उकिरड्यावर गेल्या.

ट्रॉली रिकामी होऊन परतली तशी माणिकबाईनं ती अडवली. "पैज जितली मी. धुऊन काढा अन् आमाले घरी सोडून द्या."

ट्रॉली धुतली गेली. सगळी टोळी वर चढली, आणि रिद्धपूरच्या भर रस्त्यातून पुंजाजीनं स्टिअरिंग धरून बायांची वरात काढली. माणिकबाई पुढे उभी, गळ्यात कैची. तिच्या घरापाशी ट्रॅक्टर थांबला. मागं न बघता पुंजाजी पुटपुटला, "माणिकबाई, उद्या एखांदी कैची मले बी देजा."

"देईन ना," माणिकबाई खाली उतरत म्हणाली. "पन पह्यले टोपलं उचला. आमी तेथूनच सुरू केलं होतं."

दुसऱ्या दिवशी पुंजाजी बागेत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर चुंबळ होती.