रिकामा फलाट

"अक्का, भाऊ गयात..." धुळ्याहून शेजारच्या सुरेशचा फोन आला तेव्हा मी यावलला बहिणीकडे होते. नवरा गेल्याचं ऐकून माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "कॉम्प्युटर चालू आहे का रे?" सुरेश गडबडला. "चालूच शे अक्का. गाडी फिरी राहिनी." रडू नंतर आलं, आधी राग आला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण महिनाभर जो येतो तो ह्यांच्याबद्दल गोडच बोलतोय, तेव्हा तिखट बोलायला घरची कुणीतरी हवीच. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर खेळण्यातली रेल्वे मांडली होती. रूळ, सिग्नल, स्टेशन, मागे डोंगरांचा देखावा. स्टेशन कोणतं, तर सावदा, माझं माहेर! मी भाबडी, मला वाटलं माझ्यासाठीच. सातपुड्याचा रंग किती वेळा बदलला, देव जाणे. केळीची पानं मात्र अशी अखंड की लग्नाच्या मांडवाला लावावीत. मी म्हटलं, "अहो, वैशाखाच्या वाऱ्यात पानांच्या चिंध्या होतात. म्हणून तर वारा अडवायला बागेभोवती शेवरीची झाडं लावतात." दुसऱ्या दिवशी पडद्यावर पानं फाटली, शेवरी उगवली आणि ह्यांच्यासारख्याच रेल्वेवेड्यांच्या ग्रुपवर 'काय निरीक्षण, भाऊ!' म्हणून वाहवा झाली. हे गालातल्या गालात हसत बसले. माझं नाव घ्यायला जीभ जड झाली असावी.

आई गेली तेव्हा मी एकच मागणं मागितलं. मी माहेरून निघाले की ती दर वेळी स्टेशनवर यायची, फलाटावरच्या बाकावर बसायची आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उठायची नाही. "त्या बाकावर आईला बसवा ना," मी म्हटलं. पडद्यावरची नजर न काढता हे म्हणाले, "माणसं टाकली की गाडी अडखळते. कॉम्प्युटरला झेपत नाही." डोंगरावरचा पळस पानापानासकट झेपत होता, माझी म्हातारी तेवढी जड झाली... त्या दिवसापासून मी त्या खोलीत चहा नेणं बंद केलं. ह्यांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. स्वतः उठून करून घ्यायला लागले.

तेरावं झाल्यावर मी त्या खुर्चीत बसले. शिकायला वेळ लागला, शिव्याही भरपूर घातल्या, कॉम्प्युटरला कमी, ह्यांना जास्त. शेवटी कॉम्प्युटरमधल्या तयार चित्रांत हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी सापडली, तिला बाकावर बसवलं. ह्यांचं म्हणणं खरं निघालं. गाडी तिच्यापाशी आली की अडखळते, क्षणभर थांबतेच.

परवा ग्रुपमधले एक गृहस्थ जळगावहून आले. भाऊंची आठवण म्हणून सगळी मांडणी त्यांना सभासदांना वाटायची होती. पडद्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, ही बाई तेवढी काढू या. गाडी अडखळतेय."

"अडखळू द्या," मी म्हटलं. "आई उठणार नाही."